मोहापायी

मित्रांनो, मी वडशाची एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, सुरांची. माझ्या अंगावर बेचाळीस पट्ट्या आहेत आणि त्यांच्याखाली तितक्याच पितळी पत्त्या. भात्याची हवा पत्तीवरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. लांब पत्ती सावकाश थरथरते, तिचा सूर खालचा. आखूड पत्ती जलद थरथरते, तिचा सूर वरचा. माझ्या पोटात याहून जास्त काही नाही. शब्द तर मुळीच नाहीत. मला एखादी गोष्ट नक्की माहीत असली तरी ती मी कोणाला सांगू शकत नाही. ही उणीव मला एकदा फार जाचली. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म नागपुरातल्या एका कारागिराच्या हातून झाला. तो एक पत्ती बसवायला कधी कधी पूर्ण सकाळ घेत असे. टोकाकडून घासली की सूर चढतो, मुळाकडून घासली की उतरतो. जरा जास्त घासली गेली तर पत्ती वाया जाते. तिथून हरिदासने मला एसटीच्या टपावर बांधून पोंभुर्ण्याकडे आणले. हरिदास गावोगावच्या नाटकांसाठी गाणी रचायचा, चाली लावायचा आणि स्वतःच गायचा.

हरिदासची धाकटी बहीण गिरजा धानोऱ्याच्या बाजूला दिली होती. एका चैत्रात ती पहाटेच मोहफुले वेचायला गेली. दीड वर्षाच्या मुलाला तिने झाडाच्या बुडाशी लुगड्यावर निजवले. एक टोपली भरली. फुले अजून पडतच होती, म्हणून तिने दुसरी टोपली घेतली. ती दहा पावलांवर होती, तेवढ्यात नाग निघाला.

ती बातमी ऐकून आल्यावर हरिदास आठ दिवस माझ्यापुढे बसला. त्या आठ दिवसांत एक गाणे तयार झाले. त्याची मुख्य ओळ अशी होती:

‘मोहापायी गेलं बाई, माझं पाखरू.’

आता ही ओळ नीट पाहा. आमच्या जंगलात मोह म्हणजे मोहाचे झाड. पुस्तकात मोह म्हणजे हाव. ‘पायी’ म्हणजे पायाशी, आणि ‘पायी’ म्हणजे ‘मुळे’सुद्धा. म्हणून याच ओळीचे दोन अर्थ होतात. मोहाच्या बुडाशी माझे बाळ गेले, हा एक. हावेमुळे माझे बाळ गेले, हा दुसरा. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. फरक फक्त चालीत होता. हरिदास ‘मोहा’ म्हणताना वरच्या ‘सा’पर्यंत चढायचा, जसे आपण मान वर करून झाडाचा शेंडा बघतो. मग तिथे क्षणभर थांबून ‘पायी’ म्हणत थेट खालच्या पंचमावर उतरायचा. चढणे झाडाचे होते आणि उतरणे बुडाशी निजलेल्या बाळाकडे. ऐकणाऱ्याला हाव आठवायची नाही.

त्याने ते एकच हंगाम गायले. पुढच्या पावसाळ्यात मेंदूच्या मलेरियाने तो चार दिवसांत गेला.

मी वडशाच्या एका नाटक कंपनीत आले. पोचूभाऊ मला वाजवू लागले आणि श्रावण नावाचा गायक हरिदासच्या वहीतून ते गाणे गाऊ लागला. श्रावणने हरिदासला कधी ऐकले नव्हते. त्याच्यापुढे नुसता कागद होता. त्याने ‘मोहापायी’ हा एकच शब्द धरला, मधल्या पंचमावर तीनदा ठोकला, मूठ आवळली आणि बोट लोकांकडे रोखले. लोक शिट्ट्या मारू लागले. रोज वन्समोअर होऊ लागला. कॅसेट निघाली, ती बाजारात वाजू लागली. एका गुरुजींनी तर त्या ओळीवर ‘हावेचे परिणाम’ असा निबंध लिहायला दिला. लोक माझेही कौतुक करत. पोचूभाऊ माझ्यावर हार घालत. मी मात्र प्रत्येक वेळी पंचमाच्या त्याच पट्टीवर तीन ठोके खात होते.

पुढे नंदिनी नावाच्या गायिकेने ते फार सावकाश गायले. तिचा गळा गोड होता. ‘मोहापायी’वर ती इतक्या ताना घ्यायची की शब्द दिसेनासा व्हायचा. तिच्या गाण्याचा व्हिडिओ मोबाइलवर घरोघरी पोचला. त्यात एक बाई आरशासमोर दागिने घालून बघत होती. म्हणजे अर्थ तोच, हावेचा.

तोवर कंपन्यांत ऑर्गन आला होता आणि माझी जागा पोचूभाऊंच्या माळ्यावर गेली. तिथे ओल होती. भात्याचे चामडे झुरळांनी कुरतडले. खालच्या पंचमाची पत्ती धुळीने बंद पडली. ती पट्टी कोणी दाबतच नव्हते, म्हणून कोणाला कळलेही नाही.

गेल्या वर्षी गाण्याला चाळीस वर्षे झाली. नाटक कंपनीचे मालक गुणवंतराव यांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, दुपारच्या वेळी, एक स्पर्धा ठेवली. सात जणांनी एकच गाणे गायचे, तेही जुन्या पेटीवर. जो जिंकेल त्याला हंगामातल्या नव्या नाटकात मुख्य काम. पोचूभाऊंनी मला खाली काढले, पुसले, भात्याला नवे चामडे लावले.

स्पर्धेत रिनाचे नाव होते. ती वडशाच्या कॉलेजात शिकते. ती गिरजाबाईची नात, म्हणजे त्या बाळानंतर झालेल्या मुलाची मुलगी. ती पोचूभाऊंच्या ओसरीवर सराव करत होती. एके दिवशी गिरजाबाई डोळे दाखवायला वडशाला आल्या होत्या, त्याही तिथे येऊन बसल्या.

“रिना, ‘मोहापायी’वर जोर दे,” पोचूभाऊ म्हणाले. “लोक तिथीच शिट्टी मारतात. एवढी हळू म्हणशील तर डास मारून राह्यली असं वाटन.”

रिना हसली आणि तिने जोर दिला. एक, दोन, तीन. गिरजाबाई उठून चपला शोधू लागल्या.

“कुठी चालली, आजी?”

“बाहेर बसतो. तुमचं चालू द्या.”

“काऊन वं? माह्यं गाणं इतकं खराब हाय का?”

गिरजाबाई दारात थांबल्या. “तुह्या हरिदास आबानं मले त्या गाण्यात लालची म्हणलं. दुसरी टोपली भराले गेली ना मी. तेच त्यानं साऱ्या जगाले सांगतलं. सख्ख्या भावानं.”

पोचूभाऊंचा हात भात्यावरच थांबला. हे गाणे वाजवता वाजवता त्यांचे केस पिकले होते. ते कोणावर आहे, हे त्यांना माहीत नव्हते.

“मंग मी नाव काढून घेते,” रिना म्हणाली.

“काऊन काढतं? तुले काम भेटून राह्यलं. चाळीस वर्सं ऐकलं म्या, अजून एकडाव ऐकीन.” गिरजाबाईंनी पदर नीट केला. “पन चाल त्याची अशी नव्हती. मरायच्या आधी माह्या घरी चार दिस राह्यला. दिवसभर गुणगुणे. शब्द नाई, नुसतं हूं हूं. म्या विचारलं, कायचं गाणं हाय? बोललाच नाई. मागून कॅसेट वाजली तवा सुरवातीवरून वळखलं.””

आणि त्यांनी ती गुणगुणून दाखवली. सूर वर चढला, थांबला आणि खाली उतरला.

मित्रांनो, या बाईकडे चाल होती, शब्द नव्हते. जगाकडे शब्द होते, चाल नव्हती. दोन्ही एकत्र ऐकलेली त्या ओसरीवर मी एकटीच होते. आणि मला कोणी दाबल्याशिवाय आवाज येत नाही.

गिरजाबाई दवाखान्यात गेल्या. पोचूभाऊंची बोटे सहज त्या चालीमागे निघाली. वरचा ‘सा’ वाजला. मग खालच्या पंचमावर बोट पडले आणि नुसती हवा फुसफुसली.

“इथी सूरच नाई,” रिना म्हणाली.

“असन काही अडकलं. त्याचं काम कायले पडते?”

“खोलून तर पाहा ना, भाऊ.”

पोचूभाऊंनी कुरकुर करत पेचकस आणला. पत्तीच्या फटीतून पातळ कागद अलगद फिरवला. धूळ निघाली आणि झुरळाच्या पंखाचा एक तुकडा. त्यांनी पट्टी दाबली. सूर आला, थोडा घोगरा, पण खरा.

रिनाने त्या चालीवर शब्द बसवले. “मोहा...” ती वर गेली. “...पायी.” ती खाली आली. पुन्हा म्हणाली. मग तिने पोचूभाऊंकडे पाहिले.

“भाऊ, हा मोह कोणता?”

“कोणता म्हणजे?”

“झाड तर नाई? आबा वर झाडाकडे पाहून राह्यला. मंग खाली, बुडाशी.”

पोचूभाऊंनी माझ्यावरचे दोन्ही हात काढून घेतले. “अरे बापा,” ते हळूच म्हणाले. “आणि मी एवढी वर्सं ठोकून राह्यलो.”

“आजीले सांगू?”

“सांगून पटन का? म्हणन, नात समजूत घालून राह्यली. तिनं हे गाण्यातच ऐकलं पाह्यजे.” त्यांनी माझा भाता मिटला. “पन तू असं गाशील तर पडशील. गुणवंतरावले श्रावणभाऊचीच चाल लागते. काम जाईन.”

 पुढचे सहा दिवस रिनाने दोन्ही चालींचा सराव केला. ती कोणती गाणार, हे मलाही कळेना.

मंडईच्या दुपारी मैदान गच्च भरले होते. पहिल्या रांगेत गिरजाबाई बसल्या होत्या. कवीची बहीण म्हणून गुणवंतरावांनी त्यांना मुद्दाम बोलावून शाल दिली होती. मग त्यांनी माइकवर नियम सांगितला. “गाणं मूळ चालीतच गायचं. चाल बदलवली तर बाद.”

पहिला गायक आला. मोहापायी, मोहापायी, मोहापायी. शिट्ट्या पडल्या. दुसऱ्याने मूठ आणखी वर नेली. तिसरी दिव्यानी नावाची मुलगी होती. तिचा आवाज इतका भरीव होता की पट्ट्या न दाबताही माझ्या पत्त्या थरथरल्या. पण तिनेही तोच अर्थ गायला. चौथ्याने त्याच चालीत नंदिनीसारख्या ताना घेतल्या. प्रत्येक वेळी ती ओळ आली की गिरजाबाईंची मान थोडी खाली जायची. शालीचे टोक त्यांनी बोटाला गुंडाळले होते आणि चौथ्या गाण्यापर्यंत बोट पांढरे पडले होते.

पाचवी रिना. पोचूभाऊंनी डोळ्यांनीच विचारले, कोणती? तिने मान हलवली नाही. पोचूभाऊंनी सुरुवात केली, कारण सुरुवात दोन्हींत एकच होती. ओळ जवळ आली. त्यांचे बोट मधल्या पंचमावर होते. शेवटच्या क्षणी रिनाने मान वर केली आणि ते बोट वरच्या ‘सा’वर सरकले.

“मोहा...”

मैदान शिट्टीसाठी तयार होते. शिट्टी पडली नाही.

“...पायी गेलं बाई...”

“चुकली, चुकली!” मागून कोणी ओरडले. हशा पिकला. “अवं, खाली कुठी चालली? विहिरीत का?”

गुणवंतराव खुर्चीवरून उठले. “बाई, थांब. चाल बरोबर घे. पुन्हा म्हण.”

रिनाने ओळ पुन्हा म्हटली. तशीच. खालच्या पंचमाला मी सगळी हवा दिली. रिनाने सूर सोडला नाही. गुणवंतरावांनी हात वर केला. “तुले चाल बदलवाले कोणं सांगतलं?”

“बदलवली नाई जी. हरिदास आबाची हेच होती.”

“कोण म्हणते?”

 उत्तर द्यायचे तर साऱ्या मैदानासमोर आजीचे दुःख उघडे करावे लागले असते. रिना खाली बघत उभी राहिली. बाद केल्याची चिठ्ठी गुणवंतरावांच्या हातात होती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज आला. रोज जंगलात जाणारी कोणी बाई असावी. ती शेजारणीला सांगत होती, पण मैदान इतके शांत झाले होते की सगळ्यांना ऐकू गेले. “अवं, ते झाडाचं म्हणून राह्यली. मोहाच्या बुडाशी लेकरू गेलं म्हणते ते.”

गिरजाबाई उठल्या. त्यांनी माइक मागितला नाही.

“गुणवंतभाऊ, चाल हेच होती. म्या माह्या कानानं ऐकली. अन् ते लेकरू माह्यं होतं.” त्यांना धाप लागली. “मले वाटे, भावानं मले बोल लावला. चाळीस वर्सं त्याच्या फोटोले हार नाई घातला म्या. त्यानं तर नुसतं सांगतलं, कुठी गेलं ते.”

गुणवंतरावांनी हातातली चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.  नंतर उरलेल्या दोघांनी गायला नकार दिला.

मुख्य काम दिव्यानीला मिळाले, कारण तिच्यासारखा गळा तिथे कोणाचा नव्हता, आणि हे रिनालाही मान्य होते. पण गुणवंतरावांनी निकाल सांगताना पुढे म्हटले, “नाटकात चाल हरिदासची राहीन. दिव्यानी, ते तुले रिनाकडून शिकून घ्या लागन.” मंचाच्या पायऱ्यांवर त्या दोघी लगेच बसल्या. रिनाचे डोळे ओले होते. ती म्हणाली, “आधी मान वर कर. शेंडा दिसला पाह्यजे.”

गिरजाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

“पोचूभाऊ, अजून एकडाव वाजवा,” त्या म्हणाल्या. “हरिदासनं काय म्हणलं, ते मले नीट ऐकू द्या.”

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी तुमच्या घरी असेल तर तिला ओलीपासून जपा. तिच्या सगळ्या पट्ट्या अधूनमधून वाजवा. ज्यांचे काम पडत नाही असे वाटते, त्याही. आणि एखादे जुने गाणे तुमच्या तोंडी बसले असेल तर ते जोरात म्हणण्याआधी एकदा विचारा, ते कोणी रचले आणि कोणासाठी. ते माणूस अजून हयात असेल. कदाचित विचारायला कोणी येईल म्हणून वाट बघत असेल.