अनंताच्या मुळाशी

भिकुबाईने कुदळ उचलली, तशी रंजिता हातातलं काम टाकून परसात धावली आणि अनंताच्या झाडापुढे उभी राहिली.

“सर बाजूले,” सासू म्हणाली. “तुन्हा साबनना पानीनी बाळी टाकं ते. आते काय ठेवनं शे?”

साबणाच्या पाण्याने झाड जळलं, हेच दोन महिने ऐकत रंजिता धुण्याचं पाणी बादलीने गल्लीतल्या गटारापर्यंत वाहून नेत होती. तरी झाड पिवळं पडतच होतं.

“आत्या, मले एक महिना द्या.”

भिकुबाईने कुदळ खाली ठेवली आणि ती आत गेली.

रंजिताने फांदी वाकवली. खालची जुनी पानं हिरवीगार होती. शेंड्याची कोवळी पानं मात्र पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या. माहेरी धानोऱ्याला वडिलांची लिंबं अशीच झाली होती. जमिनीत चुना वाढला की लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, असं तेव्हा कृषी सहायकाने सांगितलं होतं. पण परसातली बाकी झाडं तर ठणठणीत होती.

ती खुरप्याने बुंध्याजवळची माती उकरू लागली. वीतभर खाली पांढरी ढेकळं लागली. ती चुन्याची होती. दिवाळीच्या रंगसफेदीतून उरलेला चुना आत्यांनीच परसात नेला होता, वाळवी लागू नये म्हणून.

तिने मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. ढेकळं पाटीत भरून, वर पोतं झाकून तिने ती उकिरड्यापलीकडे टाकली. खड्ड्यात शेणखत मिसळलेली माती भरली. शहाद्याहून झाडाला लोह देणारा हिराकस आणला. तो चिमूटभर घेऊन पाण्यात विरघळवून, लिंबू पिळून, दर आठ-दहा दिवसांनी ती उन्हं उतरल्यावर पानांवर फवारू लागली.

“काय शे ते?” भिकुबाईने एकदा विचारलं.

“झाडनं औषद शे, आत्या.”

तिसऱ्या फवारणीनंतर फुटलेली पालवी हिरवी निघाली. मग एक कळीही दिसली.

शेजारची कौसाबाई ताक मागायला आली, ती झाडाशी थबकली.

“जगनं वं हाई! दोष कसाना व्हता?”

रंजिता ओट्यावर ज्वारी निवडत होती. ती घाईने म्हणाली, “पानीना व्हता, मावशी.”

“पानीना नही,” भिकुबाई उकिरड्याकडे हात दाखवत दारातून म्हणाली. “चुना मीच टाकेल व्हता मुळास्मा. हिनी उकरी काढा, नि मले समजू नही दिधं.”

सुपावरचा रंजिताचा हात थांबला. भिकुबाई तिच्या शेजारी येऊन बसली, सूप थोडं आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचू लागली.