नळीतून पेढा

नांदेडचे मेंदूचे डॉक्टर मोठ्या आनंदात म्हणाले होते, "हा आहार द्यायला सगळ्यात सोपी मुलं म्हणजे नळीवरची. चव कळत नाही, त्यामुळे हट्ट नाही, रडणं नाही, थुंकणं नाही. तुम्ही नशीबवान आहात."

शिवांश झाल्यापासून मला नशीबवान म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. पण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या शिवांशला घास गिळता येत नाही, गिळायला गेला की तो फुप्फुसात उतरतो, म्हणून त्याच्या पोटाला नळी बसवलेली आहे. जे काही द्यायचं ते मोठ्या सिरिंजनं, थेट पोटात. झटके तर जन्मापासूनचे. तीन-तीन औषधं चालू असूनही ते इतके यायचे की मी मोजायचं सोडून दिलं होतं. आता डॉक्टर म्हणत होते, किटो आहार, म्हणजे साखर, भात, पोळी, फळं सगळं बंद. नुसतं तूप, तेल, साय आणि मोजून मापून थोडी प्रथिनं. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की पुष्कळ मुलांचे झटके कमी होतात. तीन महिने करून बघू, लागू पडलं तर पुढे चालू, नाही तर बंद.

"पण चमचाभर साखरसुद्धा चालणार नाही हं," आहाराच्या दिपाली मॅडम म्हणाल्या. "सर्दी-खोकल्याच्या गोड औषधातूनही जाते. तेवढ्यानंही केलेली सगळी मेहनत वाया जाऊ शकते."

मुलाची जीभ आडवी येणार नव्हती हे खरं. पण घरातल्या बाकीच्या जिभांबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि अहमदपूरला एसटी स्टँडसमोर आमचं पेढ्याचं दुकान आहे हे मीही सांगितलं नाही.

माझे सासरे विरूपाक्षअप्पा. आख्ख्या तालुक्याचा आनंद त्यांच्या कढईतून जातो. पोरगं बारावी पास झालं, पोरीचं जमलं, कुणी सरपंच झालं, म्हैस व्यायली, की माणूस अप्पांच्या दुकानी. घरी आलेला पाहुणा तोंड गोड केल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही. एकदा थकबाकीपायी लाईट तोडायला आलेल्या वायरमनलाही अप्पांनी पेढा दिला. त्यानं तो खाल्ला, हात पुसले आणि लाईट तोडली. अप्पांना स्वतःला शुगर आहे. पण दिवसभर ते खातात त्याला खाणं म्हणत नाहीत, "चव बघून राहिलो" म्हणतात.

अशा घरात मी सोनाराकडे असतो तसला ग्रॅमचा काटा आणला. साय मोजताना मी श्वास रोखून धरायची आणि सगळं घर माझ्याकडे बघायचं. सासूबाई, म्हणजे उमादेवी, पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "आमी इतकी लेकरं वाढवली, पर मोजून न्हाई वाढवली." देवणीहून एक पाहुणे देवणी गाईच्या तुपाचा डबा घेऊन आले. या तुपानं मेंदू वाढतो असं त्यांचं म्हणणं होतं. तूप चांगलं होतं. तेच तूप स्वतः खाऊन पाहुण्यांचा मेंदू वाढल्याचं मात्र कुठे दिसलं नाही.

माझा दीर रविकिरण लातूरला नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. तो दर रविवारी येऊन मला धीर द्यायचा. "वहिनी, काय बी अवघड न्हाई. मी बी किटोवरच हाय." तो वजन उतरवायला किटोवर होता. पनीर, लोणी, शेंगदाणे असं सगळं खाऊन वर तो एक भाकरी खायचा, कारण ज्वारी त्याच्या मते धान्यात धरत नाहीत. वजन उतरायचं सोडून चढत होतं. पण शरीरात साखर कशी जळते याची आकृती मात्र तो डोळे मिटून काढून दाखवायचा.

आणि तरीही आहार लागू पडला. लघवीत बुडवायची एक पट्टी असते. ती जांभळी झाली की समजायचं, शरीराची गाडी चरबीवर चालली आहे. आमची पट्टी गडद जांभळी यायला लागली. झटके कमी झाले, मग आणखी कमी झाले. एका सकाळी मी मिक्सर लावला आणि त्या घर्रर आवाजाला शिवांश हसला. आधी मला वाटलं झटकाच आहे. मी मिक्सर बंद केला, तो थांबला. परत लावला, परत हसला. चटणीचं पार पीठ झालं तरी मी मिक्सर फिरवतच राहिले. मी ओट्याला धरून रडले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते रडणं आनंदाचं होतं.

मग मी धावत बाहेर जाऊन घरातल्या सगळ्यांना सांगितलं. अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. सासूबाईंनी दृष्ट काढली. अप्पांची थोरली बहीण गौरम्मा आक्का, ज्यांचं आयुष्य उदगीरच्या पुढे कर्नाटकाच्या हद्दीवर गेलं आणि ज्या आता आमच्याकडेच असतात, त्यांनी त्याच्या कपाळाला भस्म लावलं आणि कानडीत "अय्यो, मगा!", अरे लेकरा, म्हणत त्याला छातीशी धरलं. तो सगळ्यांच्या जिवाचा तुकडा होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पट्टीचा रंग उतरू लागला. जांभळीची गुलाबी झाली, गुलाबीची फिकी. झटके परत आले. मी प्रथिनांच्या पावडरचा डबा बदलला, काटा दोनदा तपासला, औषधांवरची बारीक अक्षरं वाचून काढली, सिरिंज धुवायचा साबणसुद्धा बदलला. घरात एकेकाला विचारलं, "कुणी काही दिलं का त्याला? खरं सांगा." अप्पा म्हणाले, "छे छे." गौरम्मा आक्कांनी देवाकडे हात केला. सासूबाई तर हळूच माझ्या कानाशी लागल्या, "आक्कांवर नजर ठेव. त्यांचा भरवसा न्हाई." माझा नवरा रुद्रेश म्हणाला, "तुझंच मोजायला चुकून राहिलं आसंल." मलाही तेच वाटायला लागलं. आपल्याच हातानं आपण लेकराचं हसू घालवलं, हा विचार घेऊन मी रोज तो काटा समोर घ्यायची.

तीन महिने भरले तेव्हा आम्ही नांदेडला गेलो. आम्ही म्हणजे जीपभर. दवाखान्याच्या दारावर 'पेशंटसोबत दोघांनीच आत यावे' अशी पाटी असते ना, ती आमच्यासारख्यांना बघूनच लावलेली असते. आम्ही सगळे आत गेलो. कंपाउंडरनं अडवायला बघितलं, तर अप्पांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

डॉक्टरांनी पट्ट्या बघितल्या, झटक्यांचं विचारलं. मग म्हणाले, "बाहेरून काही जातंय का? आहार अगदी काटेकोर पाळला?"

"शंभर टक्के, साहेब!" सगळं घर एका सुरात म्हणालं. आरती म्हणतानाही आमच्या घराचा एवढा सूर जुळत नाही.

"हं," डॉक्टर म्हणाले. "एवढं पाळूनही हे असं असेल, तर याला हे मानवत नाही असंच म्हणावं लागेल. हळूहळू कमी करत बंद करू."

"पण डॉक्टर, मधे कमी झाले होते," मी म्हणाले. "हसला होता तो. मिक्सरला."

"होतं काही मुलांत. टिकत नाही."

त्यांनी पेन उघडलं. आता आमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. औषधं करून झाली होती, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. शिवांश माझ्या मांडीवर डोळे उघडे ठेवून पडला होता आणि छताच्या पंख्याकडे बघत होता. मी त्याच्या नळीचं टोपण उगाच उघडत होते आणि लावत होते.

"डाक्टरसाब," गौरम्मा आक्का एकदम म्हणाल्या, "बंद करू नगा."

डॉक्टरांनी वर बघितलं.

"मी देत होते. पंचामृत. चमचाभरच. पर अभिषेकाचं हाय ते, त्येच्यात साखर कशी धरायची?"

"कधी देत होता?"

"सोमवारी." आक्का जरा थांबल्या. "आन् मंगळवारी, गणपतीचं. आन् गुरुवारी बी."

सासूबाई गर्रकन वळल्या. "आक्का! तुमी बी? आन् मी म्हनलं, मी एकटीच पापीण." मग पदराचं टोक चावत डॉक्टरांना म्हणाल्या, "त्या गोळ्या लई कडू असत्यात साहेब. कुटताना मी चाटून बघितल्या. मग गोळीवर जरासं साखरपाणी सोडत होते मागून."

"आजी, गोळी नळीतून जाते. त्याला कडू लागत नाही."

"तरी बी. कडू ती कडूच की."

रविकिरण मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "सर, मी शहाळ्याचं पाणी दिलंय. पण ते नॅचरल आहे. ते काउंट होत नसेल ना?"

"तुम्ही काय करता?"

"नीटला बायोलॉजी शिकवतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, तो पुसला आणि बराच वेळ परत लावला नाही.

मग रुद्रेशनं घसा खाकरला. त्याचं माझ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. "ते खोकल्याचं औषध... बिनसाखरेची गोळी सापडंना, म्हनून घरातलंच गोड नळीतून सोडलं. दोन-चार दिवस. मंजू, एवढ्यानं काय होतंय आसं वाटलं."

मी अंघोळीला गेले, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, दारात भाजीवाली आली, तेवढ्यात प्रत्येकानं आपापली वेळ साधली होती, तीही दुसऱ्याला पत्ता लागू न देता. नियम सगळ्यांना मान्य होता. बाकीच्यांनी तो पाळावा म्हणून प्रत्येक जण डोळ्यात तेल घालून पहारा देत होता. मला संताप आला, आणि त्याच वेळी जीव हलका झाला, कारण माझा काटा चुकला नव्हता.

"आणि तुम्ही, अप्पा?" डॉक्टरांनी विचारलं.

अप्पा खाली मान घालून टोपी कुरवाळत होते. "पयल्या कढईतला एक देवाला जातो," ते म्हणाले. "एक शिवांशला. कोमट पान्यात कालवून. तो हासला म्हनल्यावर सुरू केलं. आनंद झाला, साहेब. आनंद झाल्यावर मला दुसरं काय करता येतंय? आख्ख्या गावाच्या लेकरांनी माजा पेढा खाल्ला. माज्या नातवाचंच तोंड गोड व्हायचं ऱ्हायलं हुतं."

"रोज?"

"रोज."

आजवर मी अप्पांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "अप्पा, त्याचं तोंड गोड झालंच नाही! नळीला जीभ नसते. तुमचा पेढा त्याच्या तोंडात एकदासुद्धा गेला नाही, सरळ पोटात गेला. त्याला तो गोड लागला नाही. त्याला कळलंच नाही पेढा आहे म्हणून. त्याला फक्त झटके आले, अप्पा."

अप्पा शिवांशच्या पोटावरच्या नळीकडे बघत होते. आयुष्यभर खव्याची कढई नुसत्या जिभेवर पारखलेला माणूस तो.

"मग इतके दिवस मी चारून राहिलो कुणाला?" ते म्हणाले.

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "अजून तीन महिने. आजपासून नव्यानं. आणि या वेळी साखर बंद म्हणजे बंद."

शिवांशच्या खाण्याची वेळ झाली होती. मी पिशवीतून बाटली काढली, नळीला सिरिंज जोडली. अप्पा खुर्चीतून उठून जवळ आले. "मी धरू का, माय?"

"धरा," मी म्हणाले. "पण आधी खिसे दाखवा."

सासूबाईंनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. पण अप्पांनी मुकाट्यानं नेहरू शर्टाचे दोन्ही खिसे उलटे केले. एकातून तपकिरीची डबी निघाली, दुसऱ्यातून कागदात बांधलेला पेढा, त्या सकाळचा. तो हातात घेऊन ते इकडेतिकडे बघायला लागले. स्वतः खावा तर समोर डॉक्टर. परत खिशात घालावा तर समोर मी.

मग त्यांनी तो माझ्या तोंडापुढे धरला. "तू खा," ते म्हणाले. "तुला कवा कुनी दिलाच न्हाई."

खरं होतं ते. त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड गोड झालं होतं, वायरमनचं झालं होतं, कंपाउंडरचंही झालं होतं. शिवांशचं दुखणं कळल्यापासून माझ्या हातावर कुणी पेढा ठेवला नव्हता, कारण माझ्याकडे आनंदाचं काही नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं, मीसुद्धा. मी एका हातानं सिरिंज धरली आणि तोंड उघडलं. पेढ्याला तपकिरीचा वास येत होता, आणि तो गोड होता.