लाल दिव्यावरचं कुंकू

“मोठे माणसं म्हणतीन ते शूट करायचं. कायले, म्हणून विचारायचं नाही.”

ममता कॉलेज संपवून काकांच्या स्टुडिओत कामाला आली, त्या पहिल्याच दिवशी तिला हा नियम सांगितला गेला. सांगणारे तिचे काका खेमसिंग. ऐकणारे आम्ही दोघं: ती, आणि काउंटरवर ठेवलेला मी. मी काही बोललो नाही, कारण मला आवाज घेता येतो, देता येत नाही.  ममतानं काकांकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी नीट टिपली.

मी व्हिडिओ कॅमेरा. मोबाइलच्या पाठीवरचा टिकलीएवढा नव्हे. खांद्यावर घ्यायचा, दोन हातांनी सांभाळायचा, पुढं मोठी काच, वर दांडीला माइक, असा धंद्याचा कॅमेरा. एरवी मी जे पाहतो ते मेमरी कार्डात उतरवतो आणि मोकळा होतो. काल बंजाऱ्यांच्या तांड्यात जे झालं ते मात्र कार्डात नाही. म्हणून इथं सांगतोय.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथं माणसं हातमोजे घालून, तोंड बांधून वावरायची. माझ्या काचेला उघडं बोट पहिल्यांदा लागलं ते नागपूरच्या दुकानात, आणि ते खेमसिंग काकांचं होतं. काच पक्की आहे ना, हे त्यांनी दाबून पाहिलं. मग समाधानानं मान हलवून मला मारेगावला घेऊन आले. माझ्यासोबत एक जाडजूड पुस्तिका आली होती. मला कसं वापरावं, कसं पुसावं, कसं ठेवावं, सगळं तिच्यात होतं. काकांनी ती प्लास्टिकसकट कपाटात टाकली. म्हणाले, “मशीन आपल्याले शिकवीन का आपण मशीनले?”

तेव्हापासून मी लग्नंच लग्नं केली. इतकी, की नवरदेवाचा मामा कुठल्या क्षणी रुसणार ते मला आधीच कळतं. माझ्यासमोर आलं की माणसं पोट आत घेतात, हे तर मी रोज पाहतो. वाढताना हात आखडणारी माणसंसुद्धा माझं तोंड तिकडं वळलं की दोन जिलब्या जास्त वाढतात.

काकांनी मला फार जपलं. इतकं जपलं की मी वाचलो हेच नवल. काच पुसायची त्यांची रीत अशी: तोंडानं ‘हाऽ’ करून वाफ सोडायची आणि खिशातल्या रुमालानं खसाखसा घासायची. त्याच रुमालात त्यांची खर्ऱ्याची पुडी असायची. तंबाखू-सुपारीचा चुरा काचेवर गोल गोल फिरला की काय होतं, ते वणीच्या एका लग्नात दिसलं. दिव्याचा उजेड पडला की नवरीच्या गालावर एक पांढरी रेघ उमटायची. ती गालावर नव्हती, माझ्या काचेवर होती. पण तिची सासू पुढं कितीतरी दिवस विचारत राहिली, पोरीले तोंडाले काय लागलं होतं म्हणून.

पावसाळ्यात लग्नं नसत. मग काका मला पॉलिथिनमध्ये गुंडाळत, वरून शाल गुंडाळत आणि लोखंडी कपाटात कोंडत. बॅटरी तशीच पोटात. हवा लागू नये म्हणून हा थाट. हवा लागली नाही, बुरशी लागली.

मग ममता आली. तिनं पुस्तिकेचं प्लास्टिक फाडलं, ती वाचली, आणि काकांनाही वाचून दाखवायला लागली. काकांना हे काही आवडलं नाही.

“काका, हा रुमाल कशाचा हाय?”

“धुतलेला हाय.”

“धुतला का झटकला?”

“तुह्या जन्माच्या आधीपासून कॅमेरे पुसून राह्यलो मी.”

“दिसते नं काचेवर.”

तिनं हवा फुंकायचा रबरी फुगा आणला. आधी त्यानं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश फिरवायचा, आणि शेवटी स्वच्छ मऊ कापडानं मधून बाहेर हलकेच पुसायचं. पुसायचं पाणी कापडावर घ्यायचं, काचेवर ओतायचं नाही. वणीच्या कोळसा खाणींकडून परत आलो की हे काम आधी आणि चहा नंतर, कारण कोळशाची धूळ बसलेली असताना पुसणं म्हणजे काच किसणं. पॉलिथिन गेलं. त्या जागी घट्ट झाकणाचा डबा आला आणि त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात निघतात तशा. ठेवताना बॅटरी बाहेर काढायची, तीही अर्धीच भरलेली. आणि काम असो नसो, आठवड्यातून एकदा मला बाहेर काढून चालवायचं. “पडून राहिलं की बिघडते,” असं म्हणून ती काकांच्या दुपारच्या झोपेकडं पाहायची.

तुमच्या घरी माझ्या जातकुळीचं कोणी असेल तर एवढं कराच. मे महिन्यात आम्हाला बंद गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. उचलताना माइकला धरून उचलू नका. तुम्हाला कोणी कानाला धरून उचललं तर चालेल का?

ममता कानाला हेडफोन लावून शूट करायची. पहिल्याच लग्नात काकांनी भर मांडवातून हाक दिली, “काम करून राह्यली का गाणे ऐकून राह्यली वं?”

“तुमचंच बोलणं ऐकून राह्यली काका. लय खरखरते.”

दसऱ्याला काका माझी पूजा करत. मला पूजेचं वावडं नाही. सगळे जण वर्षभर मला दुसऱ्यांकडं वळवतात, त्या दिवशी कोणीतरी माझ्याकडं वळतं, हे बरंच वाटतं. पण काकांनी पाण्यात कालवलेलं कुंकू दांडीला लावलं, माइकला लावलं, आणि एक जाड टिळा माझ्या पाठीकडच्या बारक्या दिव्यावर लावला. हा दिवा रेकॉर्डिंग चालू असलं की लाल पेटतो, थांबलं की विझतो. एवढ्याचसाठी तो आहे.

ममतानं बाकीचं कुंकू पुसलं. दिव्यावरच्या टिळ्याला हात घालताच काका आडवे आले.

“टिळा पुसायचा नाही. दसऱ्याचा टिळा पुढच्या दसऱ्यालेच उतरते.”

“काहून?”

“तुले नियम सांगतला होता नं पहिल्या दिवशी?”

ममता माझ्या बारक्या पडद्यावरची अक्षरं पाहून काम करायची, तिला दिव्याची गरज नव्हती. तिनं तेवढा टिळा राहू दिला.

आता कालचं सांगतो. लग्न तांड्यातलं, सेवादासच्या मुलीचं, पुष्पाचं. पुष्पा ही ममताची शाळेपासूनची मैत्रीण. बंजारा नवरी माहेरून निघताना आईच्या, आजीच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडते. पण नुसती रडत नाही, गाण्यात रडते. त्याला ढावलो म्हणतात. आताच्या पोरींना तो येत नाही. दोन ओळी कशाबशा होतात, मग डीजे सुरू होतो. पुष्पाची आजी मानीबाई ही या तांड्यातली शेवटची बाई, जिला तो पुरता येतो. पुष्पा अख्खा हिवाळा तिच्याजवळ बसून तो शिकली होती.

“आजीचा आवाज राह्यला पाह्यजे, ममता,” तिनं बजावलं होतं. “बाकी लगन नाही आलं तरी चालते.”

ममतानं तयारीत काही कसूर ठेवली नाही. बॅटऱ्या रात्रीच भरल्या. कार्ड रिकामं केलं. डीजेवाल्याची लेझर बंद करायला लावली, कारण ती किरणं सरळ माझ्या डोळ्यात गेली की आत कायमचा डाग पडतो. पांढरा कागद समोर धरून मला पांढरा रंग ओळखायला लावला, म्हणजे हळदीची नवरी हिरवी दिसणार नाही. मानीबाईच्या ओढणीला बारका माइक टाचला. म्हातारीनं विचारलं, “हे चावत त नाही नं बाई?” मग थोडं रेकॉर्ड करून, ऐकून, खात्री केली.

निघायची वेळ झाली. पुष्पा मांडवातून बाहेर आली. ममतानं बटण दाबलं, मी सुरू झालो. तेवढ्यात तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, हाक मारली.

“खेमसिंग, रडण्याचं तू घे बाप्पा. पोरीचा हात हालन.”

“व्हय बाजूले,” काका ममताला म्हणाले. “हे सीनियर माणसाचं काम हाय.”

ममता काही बोलणार, तोच पुष्पानं तिचाच हात धरून तिला गळ्याशी ओढलं. काकांनी मला खांद्यावर घेतलं, हेडफोन गळ्यात लटकवले आणि मोठ्या अधिकारानं बटण दाबलं. मी चालू होतो, त्यामुळं मी बंद झालो. पडद्यावर तशी अक्षरं आली, पण काकांचा चष्मा खिशात होता. त्यांनी दिव्याकडं पाहिलं. तिथं लाल होतं. काका निर्धास्त झाले.

मी ओरडून सांगणार कसा?

मानीबाईनं पहिली ओळ उचलली. म्हातारीचा आवाज चिरका होता, पण अंगणभर पोचत होता. तिच्यामागून पुष्पा. एक ओळ आजीची, एक नातीची. मधेच पुष्पा अडकली. मानीबाईनं तिच्या पाठीत एक धपका घातला आणि पुढची ओळ सांगितली. दोघींना रडता रडता हसू फुटलं, आणि तसंच हसत-रडत त्यांनी ती ओळ पुरी केली. डीजेवाला यंत्राला टेकून उभा होता, तो खाली बसला. सेवादासनं तोंड फिरवलं. हे सगळं माझ्या काचेसमोर झालं, माझ्या कानात आलं, आणि विरून गेलं.

पुष्पाला गाडीत बसवल्यावर ममतानं मला काकांच्या खांद्यावरून उतरवलं आणि काय आलं ते पाहू लागली. पुष्पा मांडवातून बाहेर येते, काकांचा अंगठा येतो, संपलं.

“काका, बटण कधी दाबलं?”

“सुरू करताना.”

“सुरू होतंच.”

“लाल दिवा दिसत होता मले! पाह्य नं, आताही दिसते.”

ममतानं नखानं टिळा खरवडला. कुंकवाची खपली निघाली. खाली दिवा काळा होता.

काकांनी खिशातून चष्मा काढला, घातला, पुन्हा पाहिलं. तोवर नायक आणि सेवादास जवळ आले. काय झालं ते कळल्यावर नायकाला काही विशेष वाटलं नाही.

“त्यात काय? गाडी उभीच हाय. पोरीले उतरवा, मानीबाईले उभी करा, पुन्हा घ्या. नवरीचं रडणं नाही अशी कॅसेट आपल्या तांड्यात पाह्यली का कोणी?” नायकासाठी मी अजून कॅसेटच काढतो.

काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी बॅगेतून डोक्याला लावायच्या मलमाची डबी काढली. “रडू नाही आलं त डोळ्याखाली थोडंसं लावू. मी ठेवतोच.”

सेवादासनं गाडीकडं हात केला. पुष्पानं गाडीचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला, कारण बापानं बोलावलं होतं. तिकडं मानीबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. कोणीतरी तिच्या ओठाला पाण्याचा ग्लास लावत होतं आणि तिच्यानं तो धरवत नव्हता.

मला वाटलं, ममता हो म्हणणार. तो आवाज सगळ्यांत जास्त तिलाच हवा होता. कार्डात जागा होती, बॅटरी भरलेली होती, उजेडही छान होता. मी तयार होतो.

“नाही,” ममता म्हणाली.

“काय नाही?”

“मी नाही घेत. अन् कॅमेराही देत नाही.” तिनं माझ्या काचेवर झाकण लावलं.

नायकाचा आवाज चढला. “मोठ्या माणसाले नाही म्हणते? कायले नाही?”

“कायले म्हणजे? ते झालं नं नायक. तुमच्यासमोर झालं. म्हातारीनं जीव काढून देला, तुम्ही सगळे उभे होते. आता पुन्हा पाह्यजे असन त तुमच्यापैकी कोणीतरी जा मानीबाईजवळ. काका, तुम्ही जा. तिले सांगा, याडी, माय, आमच्यानं बटण नीट दाबणं नाही झालं, तवा तू पुन्हा रड. जा नं. मी इथंच उभी हाय.”

कोणी गेलं नाही. नायकानं मानीबाईकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. काका मलमाची डबी हातात धरून उभे राहिले. सेवादास गाडीजवळ गेला, पुष्पाचा बाहेर आलेला पाय त्यानं हळूच आत ठेवला आणि दार लावलं.