न्यायाच्या दिवशी मोहिनी डावीकडे

लंकाबाईची मोहिनी ही पिंपळवंडीच्या त्या वस्तीवरची एकमेव शेळी, जी हाक मारली की यायची. बाकीच्यांच्या शेळ्या हाक ऐकली की उलट्या दिशेनं चालू लागत. म्हणून ख्रिस्ती मंडळीच्या नव्या पाळकसाहेबांना प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनाच्या देखाव्यासाठी शेळी हवी झाली, तेव्हा सगळ्या मंडळीनं लंकाबाईच्या दाराकडं बोट दाखवलं.

पाळकसाहेबांचं नाव शांतवन. पुण्यात वाढलेला सत्तावीस वर्षांचा पोरगा. लंकाबाईनं आजवर सहा पाळक पाहिले होते. प्रार्थनामंदिराला पत्र्याऐवजी कौलं होती तेव्हाचे पाळक जुन्नराहून सायकलीवर यायचे. आल्यावर आधी घाम पुसायचे, मग चाकातली हवा बघायचे, मग देवाचं नाव घ्यायचे. शांतवन मोटारसायकलवर यायचा आणि हेल्मेट काढायच्या आधीच नवी कल्पना सांगायला लागायचा.

"आजी, न्यायाच्या दिवसाचा देखावा करायचाय. राजा, म्हणजे देव, सिंहासनावर. मेंढरं त्याच्या उजवीकडं, शेरडं डावीकडं. खरीखुरी जनावरं. भागूशी बोललोय मी."

भागू मेंढपाळ. शेजारच्या साळुबाईच्या कांदा काढलेल्या रानात त्या आठवड्यात त्याची मेंढरं बसवलेली होती. रानाला खत मिळायचं, भागूला बाजरी.

"आन् डावीकडं गेल्यावर शेरडांचं काय व्हतं?" लंकाबाईनं विचारलं.

शांतवन चाचरला. "कायमची शिक्षा."

"मोहिनीनं काय केलं?"

"मोहिनीनं काही नाही, आजी. शेरडं म्हणजे माणसं. ज्यांनी देवाचं ऐकलं नाही ती."

"मंग माणसं न्या की डावीकडं. वस्तीवर काय तोटा हाय?"

शांतवन हसला, पण लंकाबाई हसली नाही. तिच्या डोळ्यापुढं चिमाजी उभा राहिला होता.

चिमाजी तिचा नवरा. चाळीस वर्षं दर रविवारी तो तिला प्रार्थनामंदिराच्या दारापर्यंत सोडायचा आणि स्वतः बाहेर बसायचा. "मी आत आलो तर शेरडांकडं कोन बघंल?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेरडं नव्हती त्या दोन वर्षांतसुद्धा त्यानं तेच उत्तर दिलं. बाहेर बसून तो बिड्या ओढायचा आणि उपदेश लांबला की मोठ्यानं जांभया द्यायचा. ते एक वेळ देव चालवून घेईल. पण एका पिकाच्या सणाला लोकांनी देवापुढं धान्य, भोपळे, कोंबड्या आणून ठेवल्या, तेव्हा त्यातला एक तांबडा कोंबडा चिमाजीनं खिडकीतून हात घालून उचलला. घरी येऊन म्हणाला, पावण्यानं दिला. लंकाबाईनं रस्सा केला. वर त्यानं तेव्हाच्या पाळकांनाच जेवायला बोलावलं. ते भुकेजलेले, सायकलीवरून आलेले. त्यांनी कोंबड्यासाठी लांबलचक उपकारस्तुती केली आणि तीनदा रस्सा घेतला. खरं काय ते चिमाजीनं त्यांच्या जाण्यानंतर सांगितलं, तेही दात कोरताना.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटी लंकाबाईनं विचारलं, पाळकांना बोलवू का, देवाची माफी मागता का? तो म्हणाला, "आधी शेरडांना पानी दाव." ती पाणी दाखवून येईपर्यंत त्यानं डोळे मिटले होते.

"सायेब," ती म्हणाली, "समजा कुनी देवाचा कोंबडा खाल्ला आन् माफी मागायची ऱ्हायली. तर त्यो डावीकडंच का?"

"कोंबडा?"

"समजा म्हनलं मी."

"माफी जिवंतपणीच मागावी, आजी. बाकी ठरवणारे आपण कोण?"

लंकाबाईच्या कानानं पहिलं वाक्य धरलं आणि दुसरं सोडून दिलं. दोन दिवस तिला भाकरी गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं निरोप पाठवला की मोहिनी मिळेल, पण दावं ती स्वतः धरणार.

शांतवन धावत आला. "आजी, मंडळीच्या यादीत पहिलं नाव तुमचं. तुम्ही डावीकडं कशा चालाल?"

"जिकडं शेरडू तिकडं मी. चाळीस वर्सं त्येंनी राखली, आता मी राखते. तिकडं गेल्यावर कुनीतरी पानी दावाया पायजे का नको?"



रविवारी सकाळची उपासना झाली आणि मंडळी अंगणात सतरंज्यांवर बसली. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीला सोनेरी कागद चिकटवून सिंहासन केलेलं. राजाचं काम करायला कोणी तयार होईना, म्हणून शांतवनच बसला होता, अंगावर मोरांच्या चित्रांचा पडदा पांघरून. खुर्चीच्या उजव्या बाजूला भिंतीची सावली पडली होती, आणि तिथं साळुबाई मिश्री लावत बसली होती. ती मंडळीतली नव्हती. आपल्या रानातली मेंढरं नाटकात गेली म्हणून बघायला आली होती.

मधोमध भागूची वीस मेंढरं उभी होती. मोहिनीला घेऊन लंकाबाई त्यांच्यात शिरली.

"आता राजा त्यांना वेगळं करील," शांतवन माईकमध्ये म्हणाला आणि हात पसरले. "शेरडं डावीकडं."

लंकाबाईनं दावं ओढलं. मोहिनी शहाण्यासारखी डावीकडं निघाली. आणि तिच्या मागून, माना खाली घालून, वीसच्या वीस मेंढरं डावीकडं निघाली.

"मेंढरं उजवीकडं," शांतवननं घाईनं सांगितलं.

भागूनं शीळ घातली, काठी आडवी धरली, दोन मेंढरांना कानाला धरून मागं आणलं. सोडल्याबरोबर ती मोहिनीच्या शेपटाला जाऊन चिकटली. पुन्हा सगळ्यांना मधे आणलं. पुन्हा तेच.

"असं काय करतायत ही?" शांतवननं विचारलं. माईकवर हात ठेवायचा राहून गेला, त्यामुळं हे सगळ्या वस्तीनं ऐकलं.

"मेंढरू शेरडामागंच जातंय, सायेब," भागू म्हणाला. "त्याला सोताची वाट कुठं कळती? म्हनून तर आमी मेंढरांच्या खांडात दोन-चार शेरडं ठेवतो, म्होरं चालाया."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई. मला वाटलं, शास्त्रात लिवलं आसंल."

शांतवननं कपाळ पुसलं. देखावा पुढं रेटायला हवा होता. त्यानं उजवीकडं वळून, पाठ केलेलं आमंत्रण म्हणायला सुरुवात केली. आशीर्वाद मिळालेल्यांनो, या, तुमच्यासाठी राज्य तयार आहे. उजवीकडं एकटी साळुबाई होती.

तिनं तोंडातलं बोट काढलं. "मी आपली सावलीला बसलेय, बाबा. मला कुठं नेऊ नगंस. चुलीवर डाळ हाय."

सतरंजीवर हसू फुटलं. डाव्या बाजूला लंकाबाई वीस मेंढरांच्या गराड्यात उभी होती, आणि तिला हसू येत नव्हतं. डावीकडं एवढी गर्दी बघून तिचा जीव थोडा हलका झाला होता, इतकंच. चिमाजीला सोबत तरी होती.

शांतवन उठला. त्यानं एकदा मेंढरांकडं पाहिलं, एकदा साळुबाईकडं. मग पडदा सावरत खुर्ची उचलली, पुरती उलटी फिरवली आणि परत बसला. आता मंडळीला राजाची पाठ आणि पाठीवरचे मोर दिसत होते. पण मेंढरं त्याच्या उजवीकडं होती. मोहिनीही. लंकाबाईही.

"आगं बया, म्हंजी आता मी डावी झाले का?" साळुबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, मिश्रीची डबी उचलली आणि अंगण ओलांडून मेंढरांच्या बाजूला येऊन बसली. "सरक गं लंके. तिकडं एकटीला करमायचं न्हाई."

डावीकडं आता भिंतीच्या सावलीशिवाय काही उरलं नाही. शांतवननं आमंत्रण पुन्हा म्हटलं, या वेळी ते हळू ऐकू आलं, कारण माईक पाठीमागं राहिला होता. डाव्या बाजूचं भाषण लिहिलेला कागद त्यानं बराच वेळ हातात धरला, मग घडी करून खिशात ठेवला.

चहाच्या वेळी तो ओशाळून लंकाबाईपाशी आला. "आजी, सगळा विचका झाला."

"सायेब, त्यो कोंबडा आमच्या मालकांनी खाल्ला व्हता," लंकाबाई म्हणाली. "रस्सा मी केला व्हता. त्येंच्या वतीनं मी माफी मागितली तर चालंल का?"

 या वेळी शांतवननं घाई केली नाही. "मागा, आजी. पण पुढचं मी नाही सांगू शकत. ते माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात एक पलास्टिकची खुर्ची व्हती, तर तुमी ती फिरवली. त्येच्या हातात काय काय आसंल."

शांतवननं कप खाली ठेवला. मग तो म्हणाला, "हे पुढच्या रविवारी उपदेशात सांगू का?"

"सांगा की. पर शेळीचं नाव घ्या. नुसतं 'एक शेळी' म्हनू नगा."