आठ फोटोंचं पाकीट

गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझं नाव पुकारलं की मी बाकाखाली वाकून पेन शोधायचे. यंदा नववीत काय झालं देव जाणे! विज्ञान प्रदर्शनात कोण काय करणार असं मॅडमनी विचारलं आणि मी सगळ्यांच्या आधी उभी. "मी सगळ्यांसमोर दहा-पंधरा मिनिटांत फोटो तयार करून दाखवणार. मोबाइल नाही, प्रिंटर नाही!"

स्नेहा कानात म्हणाली, "दिशे, फसलीस तर दहावीपर्यंत चिडवतील तुला."

कॅमेरा केतनमामाचा. बोईसरचा फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा हा जुना ठोकळा तेवढा त्याने ठेवला. बटण दाबलं की पुढच्या फटीतून कागद येतो आणि त्यावर हळूहळू चित्र उमटतं. फिल्म नवी मागवावी लागली. एका पाकिटात आठच फोटो, आणि दुसरं पाकीट शनिवारच्या प्रदर्शनाआधी येणार नव्हतं. "थंड ठेव हां, उन्हाने खराब होते," मामाने बजावलं. सातपाटीला घरी आल्यावर मी पाकीट आईच्या हातात दिलं, "थंड ठेव हां, खराब होतं ते," एवढं म्हटलं आणि तक्ते रंगवायला स्नेहाकडे पळाले.

तीन दिवसांनी पाकीट फडताळावर मिळालं. कॅमेऱ्यात घातलं, घर्रर्र झालं आणि एक काळाकुट्ट कागद बाहेर आला. मी, आई आणि आजोबा, म्हणजे आमचे तात्या, तिघं त्याच्याभोवती दहा मिनिटं बसून राहिलो.

"रातचा फोटू हाय का?" तात्यांनी विचारलं.

मामाला फोन लावला तर तो हसतच सुटला. "अगं, ते नुसतं झाकण! फिल्मला उजेड लागू नये म्हणून असतं."

मग खरा फोटो. तात्या जाळं शिवताना. कागद पालथा ठेवला, वाट पाहिली, उलटला. हात झकास आले होते, मानेच्या वर नुसता पांढरा ढग. दुसऱ्यात डावी बाजू गायब. तिसऱ्यात एक कान आणि अर्धी खिडकी.

"मी मधेच उठून गेलो नाय ना गं?" तात्या म्हणाले.

मला काही म्हणजे काही कळेना. काच पुसली, आतले रोलर पुसले. मामाने फोनवरून शंभर प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, "मीच गोंधळलो आता." उरलेल्या पाच फोटोंना मी हात लावला नाही.

शनिवारी परीक्षक आले. शेजारच्या शाळेचे शैलेश सर. मी त्यांचाच फोटो काढला. पंधरा मिनिटांनी टेबलावर सरांचा शर्ट, पेन आणि हनुवटी. बाकी पांढरं! पोरं खो-खो हसली.

"असं का झालं?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. तीन दिवस शोधतेय. कॅमेरा पुसला, उजेड लागू दिला नाही..."

"आणि फिल्म कुठे ठेवली होतीस?"

"थंड जागी."

"म्हणजे नक्की कुठे?"

मागून आवाज आला, "बर्फात!"

बाजारातून थेट आलेली आई, डोक्यावर मासळीची पाटी. "मासळीच्या पेटीत, पापलेटाच्या खाली. तीन दिवस रोज नवीन बर्फ घातला, वर मीठ मारलं, सर. मग पुसून फडताळावर ठेवली. माझी मासळी बगा, कशी ताजी हाय!"

हॉल दणाणला. खराब होणारी कुठलीही वस्तू आमच्या घरात बर्फातच जाते, हे मला कसं सुचलं नाही? आईवर ओरडू की तिला मिठी मारू, तेही कळेना. पण डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मी सरांचा फोटो उचलला.

"सर, या पांढऱ्या कडेत पातळ औषधाची पुडी असते. रोलरमध्ये ती फुटते आणि औषध कागदभर पसरतं. पण ते गोठून बिघडलं, म्हणून सगळीकडे पोचलंच नाही! जिथे पोचलं तिथेच तुम्ही आहात."

सर हनुवटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अजून एक काढ."

मी आईला उभं केलं. पाटी आली, पदर आला, एक डोळा आला.

"आई, तुझं तोंड नाही आलं गं."

"नाय तर नाय. पाटी बघून कोणपण सांगंल, मी हाय."

अजून तीन उरले होते. टेबलापुढे ढकलाढकली सुरू झाली. "माझा काढ! माझं काय गायब होतं बघू दे!"