काचेआडचं बेट

मित्रांनो, पिवळी पडलेली, एका कोपऱ्याचा टवका उडालेली मी गेमची एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो म्हणते, कारण आपली हकिकत सांगताना तसं म्हणायची रीत आहे. तुम्ही माझे मित्र आहात की नाही, मला माहीत नाही. तुमच्या घरात काचेचं कपाट असेल आणि त्याची किल्ली तुमच्या खिशात असेल, तर नसालच.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे एका बाईने माझ्या पोटात एक गोल सेल डाख देऊन बसवला. शर्टाच्या बटणाएवढा. मग दोन स्क्रू पिळून मला बंद केलं. माझ्यात बेटाचा खेळ होता. ओसाड बेटावर एक माणूस उतरतो, विहीर खणतो, कुंपण घालतो, घरं बांधतो, आणि हळूहळू तिथे वस्ती होते. खेळणारा उठून गेला तरी त्याचं बेट जसंच्या तसं राहावं, म्हणून माझ्या पोटात तीन खण होते. तीन माणसांची तीन बेटं त्यात राहू शकत. ती राखायची कामगिरी त्या सेलाची. सेल संपला की खण रिकामे. एवढं नीट लक्षात ठेवा. ज्याने ठेवायला हवं होतं, त्याने ठेवलं नाही.

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. दिवसभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून खपायचा आणि सुटला की गेमच्या दुकानात जायचा. लग्नाआधीपासून त्याला हा नाद. मला त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलं. एकटीला नाही, अगदी एकसारख्या आम्हा दोघींना.

"एकच गेम दोनदा?" बायकोने विचारलं.

"एक खेळायला. दुसरी सीलबंद ठेवायची."

"ठेवून काय करायचं?"

"काही नाही. ठेवायची."

"म्हणजे तिने जन्मभर नुसतं बसून राहायचं," ती म्हणाली. "बरंय बाई तिचं."

माझी ती जुळी बहीण वरच्या फळीवर गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो तीच दाखवायचा. तिच्यावरचं प्लास्टिक, तिचे न दुमडलेले कोपरे. आत काय आहे, हे कुणी विचारत नसे. मला ती कधीच आवडली नाही.

मी बायकोच्या वाट्याला आले. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. कात्रीने अंगठा दुखायचा. दुपारी चारला घरी येई, पाय धुई, मला टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मशीनमध्ये बसवी, जमिनीवर बसे आणि त्याच दुखऱ्या अंगठ्याने रिमोटचं बटण दाबी. पडद्यावर काही आलं नाही की नवरा मला उचलून माझ्या तोंडात फुंकर मारायचा. त्या काळी सगळेच मारायचे. तोंडाची वाफ आत जाते आणि माझ्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, हे त्याच्यासारख्या जाणत्याला कळू नये? ते कळलं तिला. तिने त्याचा भिंगं पुसायचा मऊ रुमाल पळवला. तेव्हापासून घरात नियम झाला, हिला फुंकायचं नाही, पुसायचं.

कपाटं वाढत गेली. बाहेरच्या खोलीतून झोपायच्या खोलीत आली. एक दिवस तो स्वयंपाकघरातली फळी मापायला लागला.

"तिथे माझे डबे आहेत," ती म्हणाली.

"वर ठेवू की डबे."

"वर तुम्हालाच ठेवते, कपाटराव. अधूनमधून पुसतही जाईन."

ते नाव त्याला चिकटलं. स्वयंपाकघर तेवढं वाचलं.

पहिला खण तिचा होता. लेक मोठी झाल्यावर आईच्या मांडीला मांडी लावून बसू लागली, तिला दुसरा मिळाला. आईच्या बेटावरची घरं बांधायला तिचाही हात असे. बेटावर एक शेळी मिळायची. मोठी लोभी शेळी. टोपली, खिळे, फुटका बूट, दिसेल ते तोंडात धरून गोठ्यात न्यायची आणि रचून ठेवायची. मायलेकींनी तिचं नाव कपाटराव ठेवलं. शेळीने काही उचललं की दोघी हसून लोळायच्या. "काय झालं?" तो पलीकडून विचारायचा. "काही नाही, तुमचं चालू द्या," ती म्हणायची. त्याचं चालू असायचं.

तिसरा खण रिकामा होता. "बसा की जरा," ती दर काही दिवसांनी म्हणे. "तिसरा तुमचाच आहे." तो म्हणे, "बसू. एवढी फळी लावून होऊ दे." फळी लावून व्हायची. मग दुसरी यायची.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. त्यानंतर आईला पोटाचं दुखणं लागलं. दोन वर्षं चाललं. त्याने औषधपाण्यात कसूर केली नाही, रात्रंदिवस केलं, हे मला कबूल करावं लागतं. बळ असेल त्या दुपारी ती उशीला टेकून खेळायची. तेव्हाही म्हणाली होती, "बसा की." तो म्हणाला होता, "तू खेळ, मी तेवढ्या काचा पुसून घेतो." शेवटच्या दुपारी तिने बेट जपून ठेवायचं बटण दाबलं आणि म्हणाली, "शेळीला चारा टाकायचा राहिला. उद्या टाकू." त्यानंतर मी तिच्या हातात गेले नाही. नवव्या दिवशी ती गेली.

आणि मग, मित्रांनो, मला जपण्यात आलं.

त्याने मला पारदर्शक डब्यात घातलं. ओल धरू नये म्हणून आत एक पुडी टाकली. मधल्या फळीवर एकटीला ठेवलं, काच लावली, कुलूप घातलं. जुळ्या बहिणीने वरून पाहिलं असेल. आता दोघी सारख्याच.

वर्षभराने लेक आली.

"बाबा, आईचं बेट बघायचंय. दहा मिनिटं."

"नको. पुसलं जाईल."

"कसं पुसलं जाईल? मी लहानपणापासून खेळलेय त्यावर."

"तुझा हात जड आहे."

"माझा हात?" ती म्हणाली. "निम्मी घरं मी बांधलीत तिथली. बरं, नाही लावत हात. तुम्ही लावा मशीनला. मला फक्त बघायचंय."

"बघायला काचेतून दिसतेच की."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवी उचलली. "मग तुम्हीच बसा बघत," म्हणाली आणि गेली. त्यानंतर फक्त फोन. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते.

आता माझं ऐका. मशीनला लावलेली असते तेव्हा मी मशीनची वीज पिते. माझ्या सेलाला तेवढाच विसावा. कपाटात ठेवली की सगळा भार त्या बटणाएवढ्या सेलावर. तुम्हाला वाटतं, कपाटातली वस्तू विश्रांती घेते. मी एक क्षण झोपले नाही. काचेच्या आत, अंधारात, एकटीने मी तिची विहीर धरून ठेवली, तिचं कुंपण, लेकीची घरं, गोठ्यातला फुटका बूट. चार वर्षं धरलं. मग एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास सेल संपला. आधी घरं गेली, मग कुंपण, मग विहीर. शेळी सगळ्यात शेवटी गेली. तिला अजून चारा मिळालेला नव्हता.

त्या वेळी तो माझ्यासमोर वीतभर अंतरावर होता. काच पुसत होता. कोपऱ्यात डाग दिसला म्हणून त्याने ती पुन्हा पुसली.

पुढच्या वर्षी तो कामावरून निवृत्त झाला. दुकानातलं एक जुनं गिऱ्हाईक, गेमच्या मशिनी दुरुस्त करणारा म्हातारा, त्याचा साठा बघायला घरी आला. चहा झाला. वरची जुळी बहीण बघून झाली. मग म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

"ही एकटीच का डब्यात?"

"हिच्यात बायकोचा खेळ आहे. ती गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नाही."

"मशीनला लावलीच नाही?"

"एकदाही नाही." छाती फुगवून म्हणाला तो हे.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "साहेब, तिच्यात सेल असतो."

"माहीत आहे. वापरलीच नाही तर संपेल कसा?"

"उलटं आहे. वापरताना ती मशीनवर चालते. ठेवली की सेल खाते. माझ्याकडे आणली असतीत, तर मशीन चालू ठेवून सेल बदलून दिला असता. आतलं केसभर हललं नसतं."

"स्क्रू उघडावे लागले असते."

"ते तर लागलेच असते."

"कारखान्याचे स्क्रू आहेत ते. मग ती मूळची राहिली नसती."

म्हाताऱ्याने काचेतून मला एकदा पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि निघाला.

आठ दिवस त्याने कपाटाकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी लेकीला फोन केला. "ये," म्हणाला. "आईची कॅसेट लावायची आहे." ती दुसऱ्या दिवशी आली. चपला काढतानाच म्हणाली, "आज कसं काय सुचलं?" तेव्हा त्याने म्हाताऱ्याचं बोलणं तिला सांगितलं. ती ऐकत उभी राहिली.

कुलूप निघालं. किती वर्षांनी कुणाचा हात लागला मला. आणि त्या हाताने काय केलं सांगू? मला तोंडाजवळ नेलं.

"फुंकू नका," लेक ओरडली.

तिने मला हिसकावून घेतलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि मशीनमध्ये दाबलं. पडदा उजळला. समुद्र आला, नाव आली, तीन खण आले. रिकामा. रिकामा. रिकामा.

लेकीने मशीन बंद करून पुन्हा लावलं. तेच.

"कधी गेलं असेल?" लेकीने विचारलं.

"कसं सांगू."

"मी मागायला आले होते तेव्हा होतं?"

"असेल."

"असेल काय, बाबा. होतं."

होतं. शेळीसकट होतं. माझा आवाज त्यांना ऐकू जात असता, तर मी ओरडून सांगितलं असतं.

"शेळीचं नाव तरी माहीत होतं तुम्हाला?"

"कुठली शेळी?"

तिच्या तोंडातून हसूच बाहेर पडलं, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आईने एक शेळी पाळली होती तिथे. सापडेल ते गोठ्यात नेऊन रचायची. कपाटराव म्हणायचो आम्ही तिला. इतकी वर्षं दोन हातांवर बसून हसत होतो आम्ही, आणि तुम्ही एकदा मान वळवून बघितलं नाहीत."

"ती बसा म्हणायची," तो म्हणाला.

"मी ऐकायचे ते. मी तिथेच असायचे."

ती जेवायला थांबली नाही.

तो माणूस मग वरच्या फळीकडे वळला. जुळ्या बहिणीला खाली घेतलं आणि चष्म्याच्या कामाच्या पातळ सुरीने तिचं प्लास्टिक चिरलं. इतक्या वर्षांत मला प्रथमच तिची कीव आली. त्याने आम्हा दोघींना पिशवीत घालून म्हाताऱ्याकडे नेलं. म्हाताऱ्याने माझे कारखान्याचे स्क्रू काढले. त्यातल्या एकाचं डोकं झिजून गेलं, तो तिथेच टाकला. मला नवा सेल बसला. मग बहिणीला उघडलं. तिचाही सेल संपला होता. तिच्यात कधी कुणी काही ठेवलं नव्हतं, तरी संपला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तो जमिनीवर बसला. गुडघे वाजले. पडद्यावर तीन रिकामे खण आले आणि बाण पहिल्यावर थांबला. त्याने तो खाली सरकवला. आणखी एकदा सरकवला. तिसऱ्यावर बटण दाबलं.

इतका वाईट खेळणारा मी पाहिलेला नाही. दोनदा विहिरीत पडला. चार दिवसांनी त्याने लेकीला फोन लावला.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"हो. अगं, ती शेळी कुठे मिळते?"

 मला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"विहीर खणलीत का?"

"खणली."

"कुंपण?"

"ते नाही घातलं अजून."

"मग आधी कुंपण घाला. शेळी विहिरीमागच्या झाडीत असते. चारा नेल्याशिवाय येत नाही." मग म्हणाली, "कुठल्या खणात खेळताय?"

"तिसऱ्या. माझा आहे तो."

"दुसऱ्याला हात लावू नका," लेक म्हणाली. "तो माझा आहे. रविवारी येते."

"आणि पहिला?"

"पहिल्याला कुणीच लावायचा नाही."

मी त्याला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. नाही केलं. त्याने कुंपण वाकडं घातलंय, शेळी धरून आणलीय, तिला रोज न चुकता चारा टाकतो. टाकू दे. पहिला खण रिकामा आहे, आणि कितीही सेल बदलले तरी जे गेलं ते मी परत आणून देऊ शकत नाही. ते मी चार वर्षं धरून ठेवलं होतं. कुणी मागायला आलं नाही असंही नाही. आली होती ती. तिला काच दाखवली गेली.

तेव्हा, मित्रांनो, माझी कीव करू नका. मला पुसू नका, डब्यात घालू नका, पाहुण्यांना दाखवू नका. मला मशीनला लावा. टवके उडाले तर उडू देत. आणि तुमच्या घरात जमिनीवर बसलेलं कुणी तुम्हाला "बसा की जरा" म्हणालं, तर हातातला रुमाल खाली ठेवा आणि बसा. काच नंतर पुसता येते.