अक्काची बटणं

या, अशा जवळ सरकून बसा. देवालाच अट घालून गेलेल्या एका बाईची गोष्ट ऐकवतो.

एक शिंपी होता. अंगाने इतका किडकिडीत, की गल्लीत त्याला दोराच म्हणत. त्याची एक किडनी थोरल्या बहिणीची, अक्काची. तिने ती दिली, पण ताबा काही सोडला नाही. जेवताना त्याचा हात मिठाकडे गेला की माझ्या किडनीला खारट सोसत नाही, म्हणून दटावायची. त्याचं पोट म्हणजे जणू तिचं माहेर. केव्हाही चौकशीला हजर.

दुकानातली काज-बटणं अक्काच करायची. जुना कपडा चिंध्यांत टाकण्याआधी त्याची बटणं काढून घ्यायची, हा तिचा नेम. एखादे दिवशी नामस्मरण चुकेल, पण हे नाही.

पुढे तिचं हृदय थकलं, डॉक्टरांनी हात टेकले. दुकानामागच्या खोलीत तिने अंथरूण धरलं. भेटायला आलेल्या नर्सने हळूच नेत्रदानाचं विचारलं, तशी अक्का उसळली. एक किडनी या दिवट्याला दिलीच, आता डोळेही देऊ? जन्मभर ज्याचं भजन केलं तो समोर उभा राहणार, आणि मी काय भिंती चाचपू? अक्काने हो म्हणावं असं दोऱ्याला फार वाटत होतं. पण आधीच घेऊन बसलेल्याने आणखी मागायचं कोणत्या तोंडाने?

एका दुपारी तिच्या उशाशी बसून त्याने वडिलांचा विरलेला कोट चिंध्यांसाठी कापायला घेतला. मन थाऱ्यावर नव्हतं. कात्री बटणांसकट चालली.

"थांब, गधड्या," अक्का म्हणाली. "कोट विरला, त्यात बटणांनी काय घोडं मारलं? अजून दुसऱ्या कोटाला लागतील ती."

कात्री थांबली. दोऱ्याने बटणांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे अक्काला आपलंच बोलणं ऐकू आलं.

"रडू नकोस, माझ्या किडनीचं पाणी फुकट जातंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बोलव त्या नर्सला. पण देवाला सांगून ठेव, मी वर आले की हाक त्याने मारायची. मला दिसणार नाही, त्याला तर दिसतंय ना?"

अक्का गेली, डोळे मागे ठेवून. देवाने हाक मारलीच असणार. नसेल मारली, तर वर काय तमाशा झाला असेल ते दोऱ्याला ठाऊक आहे. तो अजून अळणी जेवतो.

तेव्हा बाबांनो, रस्त्यात कुणी अनोळखी माणूस तुमच्या लोंबत्या बटणाकडे रोखून बघू लागला, तर रागावू नका. आमच्या अक्काची आठवण काढा.